जळालेल्या छतांची चित्रं

१८९८-९९ च्या सुमारास कारोल झिंड्राम माश्कोव्स्की हा तिशीतला पोलिश चित्रकार ग्वोझ्जेत्स नावाच्या एका लहानशा गावी गेला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गॅलिशिया प्रांतात होतं, आज ते पश्चिम युक्रेनमध्ये आहे. गावात ज्यूंचं सतराव्या शतकातलं लाकडी सिनेगॉग होतं. बाहेरून पाहणाऱ्याला काळवंडलेल्या फळ्या आणि टप्प्याटप्प्यानं उतरत आलेलं अवाढव्य छप्पर एवढंच दिसे. आत पाऊल टाकून मान वर केली की रंगांचं रान होतं. लालभडक जमिनीवर वेलबुट्ट्या, त्यांतून डोकावणारे सिंह, हरणं, पक्षी आणि एकशिंगी, राशिचक्राच्या बारा खुणा, आणि भिंतीभर हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या प्रार्थना. माणसाची आकृती काढायची नाही ही धार्मिक मर्यादा पाळून चित्रकारांनी सगळं विश्व प्राण्यांमधून आणि अक्षरांमधून उभं केलं होतं. माश्कोव्स्कीनं या भिंतींची आणि छताची रंगीत रेखाटनं केली. कुठला लाल, कुठला हिरवा, कुठल्या पानाची शीर कशी वळते, हे सगळं त्यानं टिपून ठेवलं.

त्या वेळी हे काम एका गुणी माणसाचा अभ्यास होता, त्यापलीकडे काही नाही. सिनेगॉग उभं होतं, लोक प्रार्थनेला येत होते. पहिल्या महायुद्धात त्याची मोडतोड झाली आणि उरलंसुरलं १९४१ मध्ये जर्मनांनी जाळलं. त्यानंतर माश्कोव्स्कीचे कागद एकाएकी वेगळेच झाले. जगात त्या छताचा खरा रंग सांगू शकणारी फारच थोडी साधनं उरली होती आणि त्यांत हे कागद होते.

नष्ट झालेल्या सिनेगॉगांची स्मृती कलेतून कशी जपली गेली, हा विषय सुरू होतो तो अशा कागदांपासून. स्मारकं, प्रतिकृती, संगणकावरची चित्रं, रस्त्यावरचे प्रकाशप्रयोग हे सगळं फार नंतरचं. त्या सगळ्यांच्या पायाशी कुणीतरी, केव्हातरी, इमारत धडधाकट उभी असताना तिच्याकडे दिलेलं लक्ष आहे. ते लक्ष जिथे दिलं गेलं नाही तिथे आज मोठ्या प्रतिभेचा कलावंतही फारसं काही करू शकत नाही. या विषयाकडे येणाऱ्या वाचकानं ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सिनेगॉग म्हटलं की पुण्याचं लाल देऊळ आठवतं, मुंबईचं १७९६ साली स्थापन झालेलं शार हरहमीम आठवतं, अलिबाग-रेवदंड्याकडची बेने इस्रायलांची प्रार्थनास्थळं आठवतात. ही सगळी दगडविटांची, आणि मुख्य म्हणजे उभी असलेली. पूर्व युरोपातली परंपरा लाकडाची होती. सतराव्या-अठराव्या शतकांत पोलंड-लिथुआनियाच्या विस्तीर्ण राज्यात, आज जो प्रदेश पोलंड, लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेन यांच्यात विभागला आहे तिथे, गावोगावी लाकडी सिनेगॉग उठली. ओंडक्यांवर आडवे ओंडके रचून भिंती, वर दोन-तीन मजली उतरतं छप्पर, आणि त्या छपराच्या पोटात लपवलेला घुमट. बाहेरून इमारत चर्चपेक्षा डोईजड होऊ नये असे निर्बंध ठिकठिकाणी असत. म्हणून सुतारांनी उंची बाहेर मिरवायच्या ऐवजी आत नेली. ग्वोझ्जेत्सचा घुमट वरवर निमुळता होत जातो आणि खाली उभ्या माणसाला आपण एखाद्या भल्या मोठ्या तंबूत आहोत असं वाटतं. या वास्तूचा सखोल अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक थॉमस हुब्का यांनी त्या तंबूचं नातं बायबलमधल्या वाळवंटातल्या पवित्र तंबूशी आणि त्या काळच्या ज्यू गूढविचाराशी जोडून दाखवलं आहे.

या छतांच्या चित्रकारांची काही नावं टिकली, कारण त्यांनी स्वतःच ती भिंतीवर लिहून ठेवली होती. ग्वोझ्जेत्सच्या चित्रांशी जोडलेला इस्राएल लिस्नित्स्की हा यारिचुफ गावचा. होडोरूफचं १७१४ मधलं रंगवलेलं छतही त्याचंच. ब्रोडीहून आलेला एलिएझर झुसमान पश्चिमेला जर्मनीपर्यंत पोचला आणि तिथल्या खेड्यांतली सिनेगॉग त्यानं रंगवली. त्याचं बेखहोफेनमधलं काम १९३८ च्या नोव्हेंबरात, जर्मनीभर सिनेगॉगांना आगी लावल्या गेल्या त्या दिवसांत, नष्ट झालं. होर्ब गावचं १७३५ मधलं छत मात्र वाचलं, आणि ते कसं हे सांगितलंच पाहिजे. तिथली ज्यू वस्ती एकोणिसाव्या शतकातच ओसरली होती आणि इमारतीचा उपयोग गवत साठवायला होत होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाचं तरी लक्ष गेलं, चित्रं उतरवून बाम्बर्गला नेण्यात आली, आणि आज ती जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहेत. ज्या सिनेगॉगांत रोज प्रार्थना होत होती ती जळाली आणि गवतानं भरलेलं एक वाचलं.

१९१६ मध्ये दोन तरुण ज्यू चित्रकार, एल लिसित्स्की आणि इसाखार बेर रिबाक, नीपर नदीच्या काठचं मोगिलेव्हचं सिनेगॉग पाहायला गेले. स्लुत्स्कचा हाइम सेगल यानं अठराव्या शतकात ते रंगवलं होतं. मार्क शागाल पुढे या सेगलला आपला पूर्वज म्हणून मिरवत असे. दोघांनी तिथल्या चित्रांच्या नकला केल्या, आणि १९२३ मध्ये बर्लिनहून निघणाऱ्या एका कलाविषयक नियतकालिकात लिसित्स्कीनं आपल्या नकला आणि आठवणी छापल्या. मूळ सिनेगॉग पुढे नाहीसं झालं. हाच लिसित्स्की १९२३ पर्यंत रशियन कन्स्ट्रक्टिव्हिझमचा बिनीचा शिलेदार झाला होता, शुद्ध भूमितीत रमला होता. ज्या हातानं मोगिलेव्हचे सिंह उतरवले त्याच हातानं पुढे लाल त्रिकोण आणि काळी वर्तुळं काढली. लोककलेतून आधुनिकतेकडे गेलेली ही वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पन्नास वर्षांनी एक अमेरिकी चित्रकार उलट्या दिशेनं तिच्यावरून चालत आला.

त्याआधी वॉर्सॉच्या कागदपत्रांची कहाणी सांगायला हवी. या सगळ्या विषयातली हीच सर्वांत धैर्याची कहाणी आहे.

दोन महायुद्धांमधल्या काळात वॉर्सॉच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की यांनी पोलिश वास्तुकलेच्या अभ्यासाचा एक विभाग उभा केला. त्यांचे विद्यार्थी सुट्ट्यांमध्ये गावोगाव जात, चर्च, वाडे, धान्याची कोठारं यांची मोजमापं घेत, आणि त्यांच्या यादीत सिनेगॉगही असत. लाकडी सिनेगॉग ही पोलंडच्याच वास्तुपरंपरेची एक शाखा आहे असं मानून, चर्चच्या बरोबरीनं त्यांची मापं घेतली गेली. ज्यूविरोधाची हवा तापत चाललेल्या त्या वर्षांत हे मानणं सोपं नव्हतं. या कामात कलेतिहासकार शिमॉन झायचिक यांचा मोठा वाटा होता. ते स्वतः ज्यू होते. त्यांनी सिनेगॉगांची छायाचित्रं घेतली, तपशील नोंदले, आतली चित्रं अभ्यासली.

सप्टेंबर १९३९ मध्ये वॉर्सॉला वेढा पडला आणि त्या वेढ्यात सोस्नोव्स्की जखमी होऊन गेले. झायचिक काही वर्षं लपून राहिले, पण १९४४ मध्ये नाझींनी त्यांनाही मारलं. कागद मात्र वाचले. सहकाऱ्यांनी ते शहराबाहेर नेऊन पिओत्रकुफच्या एका मठात दडवले. वॉर्सॉ बेचिराख झालं तरी ते तिथे सुरक्षित राहिले. युद्ध संपलं तेव्हा परिस्थिती अशी होती की चित्रांनी मढवलेलं एकही मोठं लाकडी सिनेगॉग पोलंडात उरलं नव्हतं, तिथे प्रार्थना करणारी माणसं उरली नव्हती, आणि मठात दडवलेल्या गठ्ठ्यांमध्ये त्या इमारतींच्या तुळयांची मापं होती.

त्या गठ्ठ्यांवर मारिया आणि काझिमिएश पिएखोत्का या वास्तुकार जोडप्यानं काम केलं. दोघांनी १९४४ च्या वॉर्सॉच्या उठावात भाग घेतला होता. १९५७ मध्ये त्यांचं लाकडी सिनेगॉगांवरचं पोलिश पुस्तक निघालं, १९५९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती आली. आराखडे, छेद, जुनी छायाचित्रं आणि संयमित मजकूर असं या पुस्तकाचं रूप आहे. त्यात विलापाचा सूर जवळजवळ नाही, आणि हेच त्याचं बळ. वोल्पा गावच्या सिनेगॉगच्या घुमटाचा छेद पाहताना वाचकाला तीन मजली छपराचा एकेक वासा कळतो, आणि तो कुणी, किती विचार करून बसवला असेल हेही कळतं. मारिया पिएखोत्का शंभराव्या वर्षापर्यंत जगल्या आणि या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या त्यांनी पाहिल्या.

या पुस्तकाची एक प्रत १९७० मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक स्टेला या चित्रकाराच्या हाती पडली. तो तेव्हा आजारी होता आणि ती त्याला दिली होती त्याच्या मित्रानं, आर्किटेक्ट रिचर्ड मायरनं. स्टेला ज्यू नव्हता. इटालियन वंशाच्या कॅथलिक घरातला होता. पुस्तकात त्याला दिसली ती सुतारकामाची भूमिती, एकमेकांत गुंतलेले कोन आणि एकावर एक चढलेले थर. १९७० ते १९७४ या काळात त्यानं ‘पोलिश व्हिलेज’ नावाची मालिका केली, शंभराहून अधिक कलाकृतींची. आधी कॅनव्हासवर नमदा आणि कागद चिकटवले, मग लाकडाचे आणि पुठ्ठ्याचे तुकडे भिंतीतून पुढे येऊ लागले. प्रत्येक कृतीला त्यानं नष्ट झालेल्या सिनेगॉगच्या गावाचं नाव दिलं: बोगोरिया, झाब्वुडुफ, ओल्केनिकी, होडोरूफ. त्यात सिनेगॉगचं चित्र कुठेच नाही. तरीही पोलंडच्या नकाशावरून पुसल्या गेलेल्या जगाची नावं अमेरिकेतल्या बड्या संग्रहालयांच्या भिंतींवर गेली. लिसित्स्कीच्या पिढीची अमूर्त कला स्टेलाला ठाऊक होती. बर्लिन, वॉर्सॉ आणि मॉस्को यांना जोडणारी ती कला ज्या काळानं गिळली त्याच काळानं ही सिनेगॉगही गिळली, हे नातं त्याला जाणवलं होतं. २०१६ मध्ये वॉर्सॉच्या पोलीन या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयात ही मालिका पिएखोत्का दांपत्याच्या साहित्यासोबत मांडली गेली.

स्टेलाच्या या मालिकेबद्दल एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. इतकं मोठं दुःख आणि त्याचं फक्त आकारांचं खेळणं? हा आक्षेप मनापासून ऐकावा, पण पूर्ण मान्य करू नये. ज्यांनी ही सिनेगॉग रचली ते सुतारही आकारांशीच झगडत होते. त्यांची बुद्धी ओळखून तिला दाद देणं हाही त्यांना आठवण्याचा एक मार्ग आहे. सतत फक्त मृत्यूच्या बाजूनं पाहिलं तर ती माणसं केवळ बळी म्हणून उरतात, कारागीर म्हणून उरत नाहीत.

कारागिरीची ही बाजू सर्वांत जोरकसपणे पुढे आणली ती मॅसॅच्युसेट्समधल्या हँड्सहाउस स्टुडिओनं. रिक आणि लॉरा ब्राउन हे दोघे कला महाविद्यालयात शिकवणारे. नाहीशा झालेल्या वस्तू त्या काळच्या हत्यारांनी पुन्हा घडवायच्या आणि घडवता घडवता शिकायचं, ही त्यांची पद्धत. २००३ पासून ते लाकडी सिनेगॉगांच्या मागे लागले. आधी लहान प्रारूपं, मग छताच्या चित्रांचे तुकडे, आणि अखेर ग्वोझ्जेत्सचं छप्पर आणि घुमट मूळ आकाराच्या ८५ टक्के मापात. २०११ च्या उन्हाळ्यात आग्नेय पोलंडमधल्या सानोकच्या खुल्या संग्रहालयात काम सुरू झालं. विद्यार्थी, हौशी स्वयंसेवक आणि पारंपरिक लाकूडकामात मुरलेले सुतार एकत्र आले. ओंडके कुऱ्हाडीनं चौकोनी केले, वाकसानं तासले, खाचेत खाच बसवून लाकडी खुंट्यांनी जखडले.

मग रंगकाम. ते एका जागी झालं नाही. क्राकोव्ह, व्रोत्सवाफ, ग्दान्स्क, सेयनी, झेशुफ अशा गावाशहरांमध्ये, शक्य तिथे युद्धातून वाचलेल्या सिनेगॉगांच्याच आत, छताचे भाग रंगवले गेले. रंगद्रव्यं घोटायची, सरसात कालवायची आणि ते गरम असतानाच फळीवर लावायचे. ज्या गावांत कित्येक दशकं सिनेगॉगचं दार कुणी प्रार्थनेसाठी उघडलं नव्हतं तिथे विशीतली मुलं दिवसभर हिब्रू अक्षरं गिरवत होती आणि गावकरी आत येऊन पाहत होते.

या कामातला सर्वांत कठीण भाग रिकाम्या जागांचा होता. माश्कोव्स्कीनं सगळं छत रंगात उतरवलं नव्हतं. १९१० नंतर ऑस्ट्रियन वास्तुविद्यार्थी आलॉइस ब्रायर यानं काढलेल्या छायाचित्रांमध्ये रचना होती, पण रंग नव्हता. इसिडोर काउफमान या चित्रकाराच्या तैलचित्रात रंग होता, पण तो त्याच्या स्वतःच्या नजरेतून आलेला. हे पुरावे शेजारी ठेवून, त्याच चित्रकारांच्या होडोरूफच्या छताशी पडताळून, प्रत्येक पाकळीचा निर्णय घ्यावा लागला. जे छायाचित्रात काळं दिसतं ते निळं होतं की लाल? जुन्या काचेच्या पट्ट्यांवर लाल रंग काळपट उमटतो, हे ठाऊक असलं तर उत्तर एक. नसलं तर दुसरंच. हे निर्णय घेताना मुलं अठराव्या शतकातल्या लिस्नित्स्कीच्या हातवळणाशी ओळख करून घेत होती. हाताची ओळख पुस्तक वाचून होत नाही, आणि हँड्सहाउसच्या कामाचं खरं मोल इथेच आहे. तयार झालेलं छप्पर २०१४ मध्ये पोलीन संग्रहालयाच्या कायमच्या प्रदर्शनाचा भाग झालं. आज वॉर्सॉत त्याच्याखाली उभं राहता येतं.

प्रतिकृतीचा धोकाही मोठा आहे. ती फार सुंदर असली तर पाहणाऱ्याला वाटतं, झालं ते भरून निघालं. वोल्पाचं सिनेगॉग, ज्याला अनेक जाणकार या परंपरेतलं सर्वांत देखणं मानतात, आज बेलारूसमध्ये असलेल्या आपल्या गावात जळालं. त्याची प्रतिकृती पोलंडच्या बिव्गोराय शहरात उभी आहे. इमारत परत आली, पण गाव वेगळं, देश वेगळा आणि प्रार्थना करणारे नाहीत. यानं झालं ते भरून निघालं का, हा प्रश्न पोलीनमधल्या छतालाही विचारता येतो. त्याचं प्रामाणिक उत्तर एवढंच की त्या घुमटांखाली वोल्पाचे किंवा ग्वोझ्जेत्सचे ज्यू कधीच परतणार नाहीत, आणि तिथे लावलेल्या माहितीनं ते झाकूही नये.

जर्मनीत काही कलावंतांनी म्हणूनच रिकामपणच जपायचं ठरवलं. लायप्त्सिगमध्ये १८५५ सालचं मोठं सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आलं. २००१ पासून त्या जागी १४० ब्राँझच्या खुर्च्या रांगेनं मांडलेल्या आहेत. भिंती नाहीत, छत नाही. पाऊस त्या खुर्च्यांवर पडतो, मुलं त्यांवर बसतात, आणि जवळून जाणाऱ्या माणसाला इथे कधीतरी लोक एकत्र बसत होते एवढं कळतं.

डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात वेगळी वाट निघाली. मार्च १९९४ मध्ये ल्युबेकच्या सिनेगॉगला आग लावण्यात आली. नाझी काळानंतर जर्मनीत सिनेगॉगवर झालेला असा हा पहिला हल्ला, आणि त्यानं देश हादरला. त्यातूनच १९९५ पासून डार्मश्टाटच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी मार्क ग्रेलर्ट यांच्या पुढाकारानं नष्ट झालेली सिनेगॉग संगणकावर उभी करायला घेतली. आधी फ्रँकफर्टची, मग इतर शहरांची. जर्मनीत नाझी राजवटीनं चौदाशेहून अधिक सिनेगॉग उद्ध्वस्त केली किंवा त्यांचं नुकसान केलं. एकेका इमारतीला महिने लागत. जुनी बांधकाम-नकाशांची पत्रं, पोस्टकार्डं, आणि परदेशात पळून जाऊन वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. त्यांनाच विचारावं लागे की बाकांचा रंग कोणता होता. विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांची पिढी त्या जाळपोळीच्या काळातली होती, आणि या कामाची कळ त्यात आहे.

वॉर्सॉत १८७८ साली लिआंद्रो मार्कोनी या वास्तुकारानं बांधलेलं भव्य सिनेगॉग १६ मे १९४३ रोजी, ज्यूंना कोंडलेल्या घेट्टो या वस्तीतला उठाव चिरडल्याची खूण म्हणून, जर्मन एसएस अधिकारी यूर्गन स्ट्रूप यानं सुरुंगानं उडवलं. त्या जागी आज निळी काचेची उंच इमारत आहे. २०१८ पासून कलावंत गाबी फॉन झेल्टमान या उठावाच्या स्मरणदिनाच्या सुमारास त्या काचेवर सिनेगॉगची प्रतिमा प्रकाशानं उमटवतात, आणि सोबत तिथले प्रसिद्ध गायक गेर्शन सिरोता यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वाजतात. सिरोता १९४३ मध्ये त्याच वस्तीत मारले गेले.

भारतातल्या एका सिनेगॉगचा इतिहास या सगळ्याशी सरळ जोडलेला नाही, पण तो वाचकानं जाणून घ्यावा. कोचीच्या मट्टनचेरीतल्या कडवुंभागम सिनेगॉगवर कुणी हल्ला केला नव्हता. लोक इस्रायलला गेले आणि इमारत ओस पडली. तिचा कोरीव, रंगीत अंतर्भाग १९९० च्या दशकात जेरुसलेमला गेला आणि आज होर्बच्या छतासोबत त्याच संग्रहालयात आहे. मट्टनचेरीत उरलेल्या भिंतींचा मोठा भाग २०१९ च्या पावसाळ्यात कोसळला. नाश फक्त आगीनं होतो असं नाही, पावसानं आणि माणसं निघून गेल्यानंही होतो.

कोकणातल्या बेने इस्रायलांची बहुतेक कुटुंबंही १९४८ नंतर टप्प्याटप्प्यानं इस्रायलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि रायगडातल्या कित्येक सिनेगॉगांमध्ये तेवढे जमवणं आता अवघड आहे. जे वॉरंकर हे अमेरिकी वास्तुकार गेली अनेक वर्षं भारतातल्या सिनेगॉगांची मोजमापं घेतात, आराखडे काढतात आणि त्यांची जलरंगातली चित्रंही करतात. केरळमधल्या चेंदमंगलम आणि परवूरच्या सिनेगॉगांच्या जीर्णोद्धारातही त्यांचा हात होता. त्यांच्या चित्रांत कोकणातली सिनेगॉगही आहेत, उभी असताना काढलेली, माश्कोव्स्कीनं ग्वोझ्जेत्सची काढली होती तशीच. फरक एवढाच की ही चित्रं कुणाला इमारतीशेजारी ठेवून पडताळायची असली, तर रेवदंड्याला आणि अलिबागला जाऊन आजही पडताळता येतात.